मऊ अस्तराची मुदत

लग्नाकार्यात ओळखीची वयस्क माणसं भेटली की माझ्याशी बोलताना तोंडासमोर हात धरतात. दवाखाना बंद करून काही वर्षं झाली, तरी धरतात. आपल्या कवळीचे पुढचे दोन दात जरा जास्तच सरळ आहेत हे हिला दिसेल, अशी त्यांना धास्ती असते. आणि ते दिसतंच. मी बोलत नाही, एवढंच.

दिल्लीत आर. के. पुरमच्या बाजारात, एका शिंप्याच्या दुकानावर माझा दवाखाना होता. आसपास दातांचे इतरही डॉक्टर होते, पण ते दात वाचवणारे. मी दात गेल्यानंतरची डॉक्टर. सरकारी क्वार्टर्समध्ये साऱ्या देशातून आलेली कुटुंबं. त्यांचे आईवडील म्हातारपणी गावाहून मुलांकडे राहायला यायचे आणि येताना गावाकडे केलेली, आता सैल झालेली कवळी घेऊन यायचे. त्यामुळे मला तमिळ, बंगाली आणि उडिया या तिन्ही भाषांत ‘दुखतं का?’ आणि ‘चावून दाखवा’ एवढं म्हणता येतं. त्यापुढे माझी गाडी जात नाही.

लोकांना वाटतं, दात गेले की कटकट मिटली. तसं नसतं. दात गेले की जबड्याच्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं. वरच्या कवळीला निदान टाळूचा आधार असतो, खालचीला काहीच नाही. काही म्हाताऱ्या माणसांच्या खालच्या जबड्याची कड इतकी पातळ होते की बोट फिरवताना विळीचं पातं आठवावं. त्यावर पापुद्र्यासारखी हिरडी आणि तिच्यावर कडक कवळी. घास चावला की हिरडी दोन कठीण वस्तूंच्या मध्ये चेंगरते. अशांच्या कवळीला आतून मऊ अस्तर लावतात, कोटाला लावतात तसं.

माझ्याकडे जास्त चालायचं ते पूड आणि द्रव कालवून केलेलं अस्तर. आधी दह्यासारखं, मग मऊ रबरासारखं. पण हा मऊपणा त्या पदार्थाचा स्वतःचा नव्हे. मुळात तो कवळीच्याच जातीचा, कडक. त्यात एक तेलकट द्रव मुरलेला असतो, म्हणून तो मऊ राहतो. तोंडात सतत लाळ. तो द्रव हळूहळू लाळेत उतरत जातो, अस्तर थोडं पाणी पितं आणि दिवसेंदिवस टणक होतं. पेशंटना मी कूलरच्या पाइपचं उदाहरण द्यायची. नवा पाइप बोटाभोवती गुंडाळता येतो, पुढच्या उन्हाळ्यात तोच वाकवायला गेलं की तडकतो. ‘म्हणजे हे खराब निघालं?’ असं लोक विचारायचे. खराब नाही, त्याची मुदतच तेवढी. काही अस्तरं फक्त हिरडी बरी होईपर्यंतची, आठवड्या-दोन आठवड्यांची. काही नीट वापरली तर वर्षभराच्या आसपास टिकतात. सिलिकॉनचं निराळं. ते बराच काळ मऊ राहतं, पण कडेनं सुटायला लागतं. थोडक्यात, चिकटून राहतं ते कडक होतं आणि मऊ राहतं ते सुटतं. माझे एक पेशंट, निवृत्त अंडर सेक्रेटरी, हे ऐकून म्हणाले होते, ‘‘मॅडम, ये तो हमारे विभाग जैसा हुआ.’’

सुटलेल्या अस्तरावरून आठवलं. एका सकाळी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहातून फोन आला. मुंबईहून बैठकीला आलेल्या एका साहेबांना मराठी बोलणारी दातांची डॉक्टर हवी होती. थोड्या वेळानं साहेब मास्क लावून आले. बोलत होता त्यांचा स्वीय सहायक.

‘‘साहेबांची कवळी चिकटलीय.’’

‘‘कशाला?’’

‘‘कवळीलाच.’’

त्यानं रुमाल उलगडला. प्रवासात खालच्या कवळीचं अस्तर निघालं, म्हणून साहेबांनी खोलीवर चटकन चिकटणारा गोंद लावला, कवळ्या तोंडाबाहेरच एकमेकींवर ठेवल्या आणि घट्ट बसावं म्हणून दाबून धरल्या. गोंद कडेनं ओघळला. रुमालात वरचे आणि खालचे दात एकमेकांना कचकचून चावून बसले होते. मी ते सोडवले, गोंद घासून काढला, अस्तर मात्र त्या दिवशी लावता आलं नाही. संध्याकाळी साहेब परत आले तेव्हा खुशीत होते. म्हणाले, ‘‘बैठक उत्तम झाली. मला फार बोलता आलं नाही ना, म्हणून.’’

असे किस्से बरेच आहेत. पण मऊ अस्तर म्हटलं की मला आठवतात त्या साळवेबाई.

साळवेबाई श्रीरामपूरकडच्या एका शाळेतून मराठीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान वारल्यावर मुलाकडे, सुधीरकडे, दिल्लीला आल्या. सुधीर एका मंत्रालयात अधिकारी. सून ग्रेस गुडगावच्या एका कंपनीत. ग्रेस मराठी घरातलीच, पण जन्म दिल्लीचा, शाळा दिल्लीची. घरात कानावर पडेल तेवढं मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि ऑफिसात इंग्रजी. रविवारी चर्चहून परस्पर ती सासूला माझ्याकडे घेऊन यायची. नोकरदार मुलांना तेव्हाच सवड, म्हणून रविवारी सकाळी मी दवाखाना उघडा ठेवायची.

‘‘आईंना पेन होतं,’’ ग्रेसनं पहिल्या दिवशी सांगितलं.

‘‘कसं दुखतं?’’ मी साळवेबाईंना विचारलं.

‘‘उजवीकडे टोचतं. समोर चुरचुरतं. आणि हनुवटीकडे, घास दाबला की ठणकतं.’’

मी खूश झाले. माझ्या धंद्यात दुखण्याची जात कळली की अर्धं निदान झालं. टोचतं म्हणजे कवळीला कुठे तरी टोक आहे. चुरचुरतं म्हणजे हिरडीवर बुरशी धरली असेल. ठणकतं म्हणजे हाड झिजून वर आलेली नस कवळीखाली दबतेय. दिल्लीत वाढलेली मुलं या सगळ्याचं ‘पेन होतं’ एवढंच करून सांगतात. साळवेबाईंनी तीन शब्दांत मला तीन जागा दाखवल्या.

बुरशीला औषध दिलं, टोक घासलं आणि हिरडी निवळल्यावर मऊ अस्तर लावलं. पुढच्या खेपेला साळवेबाईंनी पर्समधून भाजलेले शेंगदाणे काढले आणि माझ्यासमोर खाऊन दाखवले. मलाही देऊ केले. त्यांच्या हाताला कंप होता, त्यामुळे कवळीची स्वच्छता ग्रेसनं आपल्याकडे घेतली होती. मी तिला सांगितलं, रात्री काढायची, मऊ ब्रशनं साफ करायची आणि कोमट पाण्यात बुडवून ठेवायची. ग्रेसनं मान डोलावली.

वर्षभर चालायला हवं होतं ते अस्तर दोन-तीन महिन्यांत टणक झालं. नख दाबलं तर खूण उमटेना.

‘‘आता रुततं,’’ साळवेबाई म्हणाल्या. ‘‘एका जागी नाही. सगळीकडून.’’

मी अस्तर काढून नवं लावलं. तेही तसंच झालं, उलट आणखी लवकर. कवळीही पूर्वीसारखी बसेना. ते मी हाडाच्या झिजेच्या खात्यावर टाकलं. अस्तराची पूड जुनी असेल म्हणून दुकानदाराला फैलावर घेतलं. पण त्याच डब्यातलं अस्तर लावलेले बाकीचे पेशंट मजेत होते. बाईंची औषधं तपासली, खाणंपिणं विचारलं. उत्तर सापडेना. दरम्यान बाई आधी पोळीवरून मऊ खिचडीवर आल्या, मग नुसत्या वरणावर. त्या थंडीत त्यांचा स्वेटर अंगावर हँगरला लावल्यासारखा दिसायचा.

सुधीर एकदा एकटाच आला.

‘‘डॉक्टर, खरं सांगा. हे आईच्या तोंडात आहे की डोक्यात? तिला दिल्ली आवडत नाही, हे मला माहीत आहे.’’

‘‘तोंडात आहे. हिरडीवर व्रण दिसतायत.’’

‘‘मग बरं का होत नाही?’’

मी म्हटलं, शोधतेय. त्यानं सांगितलं की पुण्याची बहीण, शालिनी, रोज फोन करते आणि एकच विचारते, आई वाळत का चाललीय? ती ग्रेसला थेट काही म्हणत नव्हती, पण फोन ठेवल्यावर ग्रेस जेवत नव्हती. शेवटी शालिनीनं ठरवलं होतं की महिनाअखेर येऊन आईला पुण्याला घेऊन जायचं.

त्यानंतरच्या रविवारी साळवेबाई आल्या नाहीत. जिने उतरायची ताकद नाही, असा फोन आला. दवाखाना आटोपून मीच त्यांच्या क्वार्टरवर गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाई खिडकीशी उन्हात बसल्या होत्या, कवळी न घालता. त्यामुळे चेहरा आणखी आत गेलेला. मी कवळी मागितली. ग्रेस स्वयंपाकघरातून स्टीलचा वाडगा घेऊन आली आणि तिनं वरची झाकणी उचलली.

भसकन वाफ आली.

‘‘रोज रात्री असंच ठेवते,’’ ग्रेस म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. ‘‘सकाळी पण एकदा परत उकळून घालते. एक पण दिवस मिस नाही केला. आपण सांगितलं होतं ना, कोमट पाणी.’’

उकळत्या पाण्यात अस्तरातला तो तेलकट द्रव झपाट्यानं बाहेर पडतो. वर्षाचं काम महिन्यात होतं. कवळीही किंचित पिळवटते. मला सगळं एकदम कळलं आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात साळवेबाईंकडे लक्ष गेलं. त्या माझ्याकडे पाहून मान हलवत होत्या. बारीकशी, पण स्पष्ट. नाही.

‘‘ग्रेस, चहा टाकतेस?’’ मी म्हटलं.

ती आत गेल्यावर मी खुर्ची जवळ ओढली. ‘‘बाई, तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘माझे दात गेलेत, डोळे शाबूत आहेत,’’ त्या म्हणाल्या. दातांशिवाय बोलणं फसफसत होतं, पण वाक्य पुरं. ‘‘आधी वाटलं, गरम पाण्यानं स्वच्छच होत असेल. दुसऱ्यांदा कडक झालं तेव्हा लक्षात आलं.’’

‘‘मग सांगितलं का नाही?’’

त्यांनी दाराकडे पाहिलं. आत भांड्यांचा आवाज चालू होता.

‘‘लग्न होऊन आली तेव्हा ती माझ्याशी मराठीत बोलायची. मोडकंतोडकं. मी वाक्यावाक्याला थांबवायची. वर्गातली सवय. एकदा घरात पाहुणे होते, ती कुणाला तरी सांगत होती, ‘माझा सासू टीचर आहे.’ मी हसले. सगळेच हसले. त्यानंतर ती माझ्याशी हिंदीत बोलायला लागली. अगदी अदबीनं, पण हिंदीत. कितीतरी वर्षं. मी इथं राहायला आले, आजारी पडले, तेव्हा माझ्या उशाशी बसून परत मराठीत बोलली. आता तुम्ही सांगा, तिला कोण सांगणार की बाई, तुला कोमट कळत नाही?’’

‘‘तुम्ही जेवत नाही आहात.’’

‘‘हिरडीला घट्टे पडतील असं वाटलं होतं.’’

‘‘हिरडीला घट्टे पडत नाहीत, बाई. तिला जखमा होतात. आणि शालिनी तुम्हाला न्यायला येतेय.’’

हे ऐकल्यावर त्यांचा आवाज उतरला. ‘‘अशी गेले तर ती म्हणेल, सुनेनं उपाशी ठेवलं. जन्मभर म्हणेल. तेवढं नको.’’

‘‘मी सांगू ग्रेसला?’’

‘‘तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला मी काय सांगणार,’’ त्या म्हणाल्या, आणि लगेच, ‘‘पण नको.’’

ग्रेस चहा घेऊन आली. मी तिला एवढंच सांगितलं की कवळी जुनी झालीय, नवी करू, तिला सिलिकॉनचं अस्तर लावू, आणि त्याला फक्त नळाचं पाणी लागतं.

‘‘साधं? नल का?’’

‘‘नळाचं. गार.’’

तिला एक काम कमी झाल्यासारखं वाटलं असावं. शालिनीला सुधीरनं सांगितलं की नवी कवळी होईपर्यंत थांब. तिनं तिकीट पुढे ढकललं, रद्द केलं नाही.

पुढचं आधीच सांगते. साळवेबाई त्यानंतर बरीच वर्षं माझ्या पेशंट होत्या. सिलिकॉनचं अस्तर त्याच्या स्वभावाप्रमाणे कडेनं सुटलं, मी बदललं, पुन्हा सुटलं, पुन्हा बदललं. अंगावर मांस आलं, स्वेटर भरला. आणि मी कोणालाही ‘कोमट’ म्हणून सोडून देणं बंद केलं. पेशंटच्या घरच्यांना वाटीभर पाण्यात बोट बुडवायला लावायची, इतपत ऊन, याहून नाही. ते मला पहिल्या पेशंटपासून सुचायला हरकत नव्हती.

पण मला सांगायचंय ते नवी कवळी बसवली त्या रविवारचं.

सिलिकॉनचं अस्तर पेशंटच्या तोंडातच घट्ट होतं. नळीतून काढलेला लगदा कवळीत भरायचा, कवळी बसवायची, दात मिटून घ्यायला सांगायचं. मग काही मिनिटं तोंड हलवायचं नाही, बोलायचं तर अजिबात नाही. ओठ हलले की अस्तर एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होतं. साळवेबाई गळ्याशी रुमाल बांधून, दात मिटून खुर्चीत बसल्या होत्या. ग्रेस शेजारी स्टुलावर.

‘‘डॉक्टर, एक विचारू?’’ ती म्हणाली. ‘‘ही नवी नळाच्या पाण्यात ठेवायची. मग त्या जुनीला गरम पाणी चालत होतं का?’’

साळवेबाईंचा हात वर झाला आणि हवेत जोरानं हलायला लागला. नको, नको. मी तो धरून खाली ठेवला. त्यांच्या घरी गप्प बसले होते, कारण मला कोणी विचारलं नव्हतं. आता विचारलं होतं. खोटं सांगितलं असतं तर उद्या हीच मुलगी आणखी कुणाची कवळी उकळणार होती.

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘चालत नव्हतं. गरम पाण्यानंच ती कडक होत होती.’’

‘‘पण आपण तर कोमट...’’

‘‘कोमट म्हणजे गुनगुना, ग्रेस.’’

‘‘गुनगुना,’’ ती म्हणाली. ‘‘मला वाटलं, कोमट म्हणजे उकळलेलं. मी विचारणार होते. मग म्हटलं, आई म्हणतील, एवढं पण येत नाही.’’

ती सासूकडे वळली. ‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

साळवेबाईंनी डोळे मिटून घेतले. कवळी भरलेल्या तोंडानं माणूस खोटं बोलू शकत नाही, आणि खरंही.

ग्रेस उठली. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती, ती तिनं रुमालानं टिपली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं नाव पाहिलं आणि वाजू दिला. थांबला. परत वाजला. तिनं घेतला.

‘‘हां, शालूताई. डॉक्टरांकडेच आहोत. नाही, आई बोलू शकत नाहीत आत्ता... ऐका ना, ताई, एक मिनिट, माझं ऐका. आईंची कवळी कडक का होत होता, ते कळलं.’’

खुर्चीच्या हातावर साळवेबाईंची तर्जनी किंचित हलली. त्यांनी ती मुठीत घेतली.

‘‘माझ्यामुळे झालं,’’ ग्रेस म्हणत होती. ती हिंदीत गेली नाही. ‘‘डॉक्टरांनी कोमट सांगितलं, मला तो शब्द नाही कळला. मी रोज उकळत्या पाण्यात ठेवत होते. हो. रोज. आईंना समजलं होतं, त्या नाही बोलल्या... मला वाईट वाटेल म्हणून... नाही, सुधीरला पण माहीत नव्हतं. मीच केलं. कवळी मीच उकळला.’’

साळवेबाईंचं बोट वर गेलं. ताठ, वर्गात जातं तसं. आपण काय केलं हे त्यांना बोट वर गेल्यावर कळलं, आणि त्यांनी ते घाईघाईनं रुमालाखाली लपवलं. पण ग्रेसनं पाहिलं होतं.

ती फोनवर थांबली. सासूकडे बघत म्हणाली, ‘‘उकळली.’’ मग फोनमध्ये, नीट, सावकाश, ‘‘कवळी मीच उकळली, ताई. आता आई जेवतील. तुम्ही या ना, पण भेटायला या. न्यायला नको.’’

खुर्चीतून कसला तरी आवाज आला. मी वाकून पाहिलं. साळवेबाईंचे खांदे हलत होते आणि मिटलेल्या दातांच्या कडेनं ओठ ताणले जात होते. अस्तर अजून ओलं होतं.

‘‘बाई,’’ मी त्यांची हनुवटी धरून म्हटलं, ‘‘हसू नका. सगळं वाकडं बसेल.’’